चौथा रकाना

मास्तरमंडळींना प्रशिक्षणाचं पत्र आलं की आधी जांभई येते. मी चोवीस वर्षं मराठी शिकवतेय. या काळात झालेल्या प्रशिक्षणांतलं मला आठवतं ते एवढंच: एक प्लास्टिकची फाइल, न चालणारं पेन आणि दुपारची पुरीभाजी. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी जालन्याला तीन दिवस जायचं पत्र आलं तेव्हा मी मुख्याध्यापकांशी चांगलीच भांडले. नववीच्या वर्गशिक्षकानंच जायचं, असा आदेश होता. विषय होता, किशोरवयीन मुलांना मनातले नकारात्मक विचार ओळखायला आणि बदलायला शिकवणं. "आमच्या मनातले आधी कोण बदलणार?" असं मी स्टाफरूममध्ये म्हणाले, सगळे हसले, आणि सोमवारी सकाळी मी जालन्याच्या एसटीत बसले.

शिकवायला आलेली मुलगी माझ्या लेकीएवढी होती. पहिला अर्धा दिवस मी तिच्याकडे 'बघू तुला काय येतंय' अशा नजरेनं बघत होते. मग तिनं फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'मैत्रीण रस्त्यात भेटली, पण बोलली नाही.' आणि खाली, 'ती माझ्यावर रागावली आहे.' यातलं घडलेलं कोणतं आणि तुमच्या मनानं जोडलेलं कोणतं, असं तिनं विचारलं. गोष्ट साधी होती. पण माझ्या नणंदेनं घरच्या कार्याला फोनवर फक्त माझ्या नवऱ्याला बोलावलं होतं, माझं नावही घेतलं नव्हतं, आणि त्यावरून मी तिच्याशी दोन वर्षं धड बोलले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन लावला. तिला काही आठवतही नव्हतं. "वहिनी, तवा रेंज जात होती," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच कामात असताल." दोन वर्षं मी एका रेंजवर रुसून बसले होते. दुपारच्या सत्रात मी पुढच्या रांगेत जाऊन बसले आणि सगळं उतरवून घेतलं.

आमची शाळा कुंभार पिंपळगावपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. गावाचं नाव सांगत नाही. मी राहते कुंभार पिंपळगावला, सासरच्या घरी, आणि रोज स्कूटीवर जाऊन येऊन करते. नववीत तेव्हा एकेचाळीस मुलं होती. मी परत आल्यावर सगळ्यांना एकेक दोनशे पानी वही आणायला लावली आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखून घेतले. घडलं काय. मनात काय आलं. पुरावा काय. आणि चौथा, आणखी काय असू शकतं. सगळा खेळ या चौथ्या रकान्याचा आहे, असं मी त्यांना सांगितलं. मन पहिल्यांदा जे सांगतं ते नेहमी खरं नसतं, म्हणून त्याला थांबवून दुसरी बाजू लिहायची.

प्रशिक्षणात या विचारांच्या चुकांना भलीमोठी नावं होती. ती मी बदलली. राईचा पर्वत करतो तो डोंगऱ्या, उद्या काय वाईट होणार हे आजच सांगतो तो भविष्यवाला, आणि दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळलं असं समजतो तो मनकवडा. पोरांना नावं भारी आवडली. मधल्या सुट्टीत ती एकमेकांना चिडवायची, "तू काय मनकवडी हाय का गं?" मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण काहीतरी शिकवलं जे पोरं वर्गाबाहेर घेऊन गेली.

आणि उपयोग होत होता, हेही सांगायला हवं. एका मुलीनं लिहिलं होतं, 'मी काळी आहे म्हणून मला नाचात शेवटच्या रांगेत उभं केलं.' चौथ्या रकान्यात तिनं लिहिलं, 'मी सगळ्यांत उंच आहे म्हणून असेल.' मग तिनं नाच बसवणाऱ्या मॅडमला जाऊन विचारलं, आणि खरंच उंचीमुळंच होतं. ती हसत सांगायला आली. गणितात नापास होणारा एकजण 'मी ढ आहे' असं पानोपान लिहायचा, त्यानं दिवाळीच्या आत 'मला अपूर्णांक येत नाहीत' एवढ्यावर ते आणलं. अपूर्णांक शिकवता येतात. मी खूश होते. दर सोमवारी वह्या गोळा करायचे, लाल पेनानं तपासायचे आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला त्यातली एखादी चांगली नोंद नाव न घेता वाचून दाखवायचे.

लाल पेनाबद्दल सांगते, कारण सगळं तिथंच बिघडलं. प्रशिक्षणात बजावलं होतं की या वह्या तपासायच्या नाहीत, त्यांना गुण द्यायचे नाहीत, बरोबर-चूक म्हणायचं नाही. पण इतक्या वर्षांची सवय. समोर वही आली की माझ्या हातात पेन येतंच. शुद्धलेखन दुरुस्त करायचं, खाली शेरा द्यायचा, चांगलं असलं तर चांदणी काढायची. आणि कुठलीही जागा रिकामी दिसली की मला राहवत नाही. परीक्षेला जाणाऱ्या पोरांना मी दरवर्षी एकच गोष्ट घोकून घेते, उत्तर येवो न येवो, जागा कोरी सोडायची नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर बारीक, एकाला एक चिकटून, जणू पानाची काटकसर करतेय. बोलायची कमी, पण विचारलं की नेमकं. ती गावाच्या ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायची. वडील नव्हते. आई लोकांच्या शेतात रोजानं जायची, सोयाबीन काढायला, कापूस वेचायला. बाकावर तिच्या शेजारी बसायची ती गावातल्या बागायतदाराची मुलगी. दोघी पहिलीपासून एकत्र. डबा एकीचा उघडला काय नि दुसरीचा काय, दोघी एकातूनच खायच्या. एकीला बरं नसलं की दुसरी तिची वही लिहून ठेवायची. त्यांच्याकडे बघून मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, बघा, आता गावात असलं काही राहिलं नाही.

नोव्हेंबरात एका सोमवारी त्या मुलीची वही उघडली. घडलं काय, या रकान्यात होतं: 'मी मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला गेले. तिच्या आजीने सगळ्यांना कपात चहा दिला. मला खिडकीतल्या काचेच्या ग्लासात दिला. चहा पिल्यावर ग्लास मी नळावर विसळून खिडकीत पालथा ठेवला.' मनात काय आलं: 'मी त्यांना चालत नाही.' पुरावा काय: 'मागच्या दोन वेळेसही असंच झालं. त्या खिडकीत तो एकच ग्लास आहे.' चौथा रकाना रिकामा होता.

एक क्षण माझा हात थांबला. एकेचाळीस वह्या तपासताना हात असा कितीदा थांबतो. मग मी 'पिल्यावर'चं 'प्यायल्यावर' केलं आणि खाली लिहिलं, 'हा मनकवडेपणा आहे. आजींच्या मनात काय आहे हे तुला कसं कळलं? दुसरी कारणं शोध. रकाना रिकामा ठेवू नये.'

पुढच्या सोमवारी तीच नोंद तिनं पुन्हा उतरवून आणली होती. चौथ्या रकान्यात त्याच बारीक अक्षरात पाच कारणं होती. 'कप कमी असतील. ग्लासात चहा जास्त बसतो. आजींना कमी दिसतं म्हणून जो हाताला लागला तो दिला. मी पाहुणी आहे म्हणून वेगळा दिला. तो ग्लास त्यांनी खास माझ्यासाठी राखून ठेवला असेल.' मी शेवटच्या कारणापुढे मोठी चांदणी काढली आणि 'अतिसुंदर' असा शेरा दिला.

त्या शनिवारी शेवटच्या तासाला मी ही नोंद वर्गात वाचली. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजही नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. एवढ्याशा गावात कुणाच्या घरच्या खिडकीत काय आहे, हे प्रत्येक पोराला माहीत असतं. ग्लासात चहा जास्त बसतो, हे वाचलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाटलं, छान विनोद झाला. मीही हसले. पाचवं कारण वाचलं तेव्हा वर्ग गप्प झाला. मी त्या शांततेला दाद समजले. समोर दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या, दोघींच्या माना खाली. बागायतदाराच्या मुलीचे कान लाल झाले होते, एवढं मात्र मला दिसलं.

सोमवारी बागायतदाराची मुलगी दुसऱ्या बाकावर बसली होती. घरी कळलं असणार, आणि घरची अब्रू वर्गात गेली म्हणून तिला बोलणी बसली असणार. मी दोन दिवस बघितलं. डबेही वेगळे झाले होते. तिसऱ्या दिवशी मी नोंद लिहिणारीला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं?

"काय न्हाई, मॅडम."

"भांडलात का?"

"न्हाई."

"मग वहीत लिही," मी म्हणाले. "मोकळं वाटेल."

ती बरं म्हणाली. आज हे आठवलं की मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

जानेवारीत घनसावंगीला कार्यक्रम ठरला. तालुक्यातल्या शाळांनी हा उपक्रम कसा राबवला ते एकेका विद्यार्थ्यानं अधिकाऱ्यांसमोर पाच मिनिटं बोलून सांगायचं होतं. मी तिचं नाव दिलं. तिच्याएवढं स्वच्छ लिहिणारं आणि न अडखळता बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. भाषणात तिनं स्वतःच्या वहीतलं उदाहरण द्यावं असं मीच सुचवलं, आणि कोणतं ते सांगायची गरजही पडली नाही. ती नाही म्हणाली नाही. आमच्या पोरी मॅडमला नाही म्हणत नाहीत. हा त्यांचा गुण आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

कार्यक्रमाच्या आधी बाजाराच्या दिवशी तिची आई कुंभार पिंपळगावला येणार होती. मी म्हणाले, आईबरोबर ये, माझ्या घरी एकदा सराव करू. तिला घरी बोलावताना माझ्या मनात आमची खिडकी आलीही नाही. हे खरं आहे, आणि यात माझं कौतुक काही नाही. बावीस वर्षं एकाच घरात राहिलं की घरातल्या वस्तू दिसेनाशा होतात.

ती सकाळी अकराच्या सुमाराला आली. आईला तिनं बाजाराच्या तोंडाशी सोडलं होतं. मी तिला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, दारातल्या पलंगावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना माणसं आवडतात. कुणीही आलं की आधी पाणी, मग चहा, मग खायला काहीतरी, आणि या सगळ्याच्या आधी चौकशी.

"कोणाची गं तू, बाई?"

तिनं गावाचं नाव सांगितलं, आपलं नाव सांगितलं, आईचं सांगितलं.

"आडनाव काय म्हणलीस?"

तिनं आडनाव सांगितलं. आत्याबाईंनी मान डोलावली. "हुशार दिसती पोरगी," त्या मला म्हणाल्या. मग तिच्या ओंजळीत मूठभर शेंगदाणे घातले, वरून, हाताला हात न लावता. "खा. वाळून गेलीस नुसती. थांब, च्या टाकते तुला." आणि त्या आत गेल्या.

तिनं भाषण सुरू केलं होतं. 'आदरणीय व्यासपीठ' वगैरे झालं, वहीचे चार रकाने झाले. तेवढ्यात आत्याबाई चहा घेऊन आल्या. माझा कप होता, त्यांचा होता. तिच्यापुढं त्यांनी ठेवला तो काचेचा ग्लास होता, मोरीच्या खिडकीतला. गडीमाणसांसाठी, नळवाल्यासाठी, बाहेरून येणाऱ्या कुणाकुणासाठी तो तिथं पालथा असतो. मी लग्न होऊन आले तेव्हा दुसरा होता. तो फुटल्यावर हा आला. मी स्वतः तो घासलेला नाही. तो घासायचा नसतो, ज्यानं प्यायलं त्यानंच विसळायचा असतो.

बावीस वर्षांत मी त्या ग्लासाबद्दल मनात काय काय म्हटलं होतं, ते मला एका झटक्यात आठवलं. आत्याबाईंचं वय झालंय. मोठा ग्लास असला की कामाच्या माणसाला बरं पडतं. कपबशा फुटतात. त्या कुणाला उपाशी तर पाठवत नाहीत ना. मला वाटत होतं चौथा रकाना मी जालन्याला शिकून आले. माझा तर तो लग्नापासून भरलेला होता.

मुलीनं ग्लासाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, मला लाज वाटू नये म्हणून तिनं बघितलं नसावं, पण आता मी कुणाच्या मनातलं सांगायला जात नाही. मी काय करू शकले असते? माझा कप तिच्यापुढं सरकवून ग्लास आपल्याकडे ओढायचा, एवढंच. हात लांब केला असता तर पोचला असता. आत्याबाई बघत होत्या. घरात शब्दानं शब्द वाढला असता, चार दिवस अबोला झाला असता. मी म्हणाले, "हं, पुढचं म्हण."

तिनं चहा प्यायला. मग न सांगता उठली, मोरीत जाऊन ग्लास विसळला आणि खिडकीत पालथा ठेवला. कुठं ठेवायचा हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. परत येऊन ती उभी राहिली आणि राहिलेलं भाषण तिनं शेवटपर्यंत म्हणून दाखवलं, पाचही कारणांसकट, एकदाही न अडखळता. आत्याबाईंना ऐकू कमी येतं, तरी त्यांनी शेवटी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी ती वेळेवर आली. गणवेशाला इस्त्री होती, वेण्यांना नव्या रिबिनी. गाडीत बसायच्या आधी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, मी न्हाई बोलणार. घसा बसलाय." आवाज खणखणीत होता. मी बरं म्हणाले. तिच्याऐवजी अपूर्णांकवाला बोलला आणि त्यानं प्रमाणपत्र आणलं. ते आजही शाळेच्या कार्यालयात लावलेलं आहे.

घरी मी एक गोष्ट केली, तीही उशिरा. तो ग्लास आत आणून बाकीच्या ग्लासांत मिसळून टाकला. आत्याबाईंनी आठ दिवस त्या मांडणीतल्या कुठल्याच ग्लासानं पाणी प्यायलं नाही. मग एके दिवशी बाजारातून आलेला नवा ग्लास खिडकीत दिसला. मी तोही आत घेतला. त्यांनी तिसरा आणवला. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, मीही ओरडले नाही. सध्या खिडकी रिकामी आहे, पण त्या खचल्या आहेत, अंथरुणावरून उठत नाहीत, म्हणून ती रिकामी आहे. मी जिंकले म्हणून नाही.

वर्गात वह्या चालूच होत्या. तिची वही दर सोमवारी यायची, सगळे रकाने भरलेले. 'पेन हरवलं. मनात आलं आई रागावेल. पुरावा नाही. आई समजून घेईल.' 'पाऊस आला. मनात आलं सहल रद्द होईल.' त्या महिन्यात आमच्याकडे ना पाऊस होता ना सहल. तिनं मला हवं तसं लिहायला शिकून घेतलं होतं. मी लाल पेन बंद केलं होतं, चांदण्या बंद केल्या होत्या. तिला त्यानं काही फरक पडला नाही. पंधरा वर्षांच्या त्या पोरीनं आपल्या डोळ्यांनी बघितलेलं लिहिणं सोडून दिलं होतं, आणि ते तिला परत कसं द्यायचं ते मला सुचत नव्हतं. तिला बोलावून माफी मागावी असं रोज ठरवायचे. रोज काहीतरी निघायचं.

नववीचा निकाल लागला आणि तिनं दाखल्याचा अर्ज दिला. दहावीला ती जालन्याला मामाकडे जाणार होती. दाखला द्यायचं काम लेखनिकाचं असतं, पण मी त्याच्याकडून तो मागून घेतला आणि स्कूटी ओढ्यापलीकडे नेली. या शाळेत मला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. त्या वस्तीत मी पहिल्यांदाच जात होते. जनगणनेलाही माझ्या वाट्याला दुसरी गल्ली आली होती.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. भिंतीवर एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली, अशा दोन तसबिरी, खाली तिची पहिलीपासूनची बक्षिसं मांडलेली. आई नुकतीच कामावरून आली होती, हातपाय धूत होती. मला बघून गडबडली.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात इतक्या लांब? पोरगी आली असती की न्यायला."

"तिला भेटायचं होतं, ताई."

तिनं मला खुर्ची दिली. पदरानं पुसून दिली. मग दारात उभी राहून जरा थांबली. "च्या टाकू का मॅडम? आमच्यातला चालंल का तुम्हाला?"

मला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी हो म्हणाले, चालेल, टाका. ती आत गेली. मुलगी खाटेच्या कडेवर बसली होती, दाखला हातात, त्यावरचं आपलं नाव वाचत.

"तुझी ती नोंद," मी म्हणाले. "तू पहिल्यांदा लिहिलं होतंस तेच बरोबर होतं. तो मनकवडेपणा नव्हता. माझं चुकलं."

तिनं दाखला उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"ती पाच कारणं तू कशाला लिहिलीस गं?"

"रकाना रिकामा ठेवू नये म्हणला होता ना तुम्ही." मग ती म्हणाली, "चार अशीच लिहिली. पाचवं मला खरं वाटाया लागलं होतं. तुम्ही चांदणी काढली होती त्याच्यावर. मंग मी तिच्या घरी अजून एकदा गेल्ते, तुम्ही वर्गात वाचायच्या आधी. ग्लास हातात घेतला आन् आजीला म्हणले, हा माझा ग्लास हाय ना, आजी?"

"मग?"

"आजी हसल्या. हौ म्हणल्या, तुझाच हाय, बाई. मायेनं म्हणल्या. पाठीवरून हात फिरवल्यासारखं केलं, लांबून." तिनं दाखला गुडघ्यावर ठेवला. "मंग मला काय बी कळंना. तुमच्या घरच्या आजींनी बी मायेनंच दिला होता."

आत स्टोव्हचा आवाज येत होता. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"मॅडम, तुम्हाला तवाच म्हाईत होतं का? लाल पेनानं लिहिलं तवा?"

मी नाही म्हणू शकले असते. वह्या एकेचाळीस होत्या, सोमवार होता, डोकं दुखत होतं, प्रशिक्षण नवं होतं. कारणं माझ्याकडे कमी नव्हती, आणि एकही खोटं नव्हतं. आणि हो म्हटलं की तिच्या लेखी माझी जी काही किंमत उरली असेल ती जाणार होती.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं."

तिनं मान हलवली. खांदे जरा खाली आले.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटून राह्यलं, मलाच चुकीचं दिसून राह्यलंय."

हे ती रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं.